भागाकारातील माणूस

काटकसर करावयाची तर आधी मोजावे लागते, ही गोष्ट आपल्या घरांतील गृहिणींना कोणी शिकवावी लागत नाही. नवा गॅस सिलिंडर जोडला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण केली जाते. गेल्या खेपेपेक्षा तो चार दिवस आधी संपला तर कारण शोधले जाते. त्या वेळी कोणतीही समंजस गृहिणी नुसते दिवस मोजीत नाही. मध्यंतरी पाहुणे राहून गेले होते काय, आजाऱ्यासाठी अपरात्री पाणी तापवावे लागले काय, हेही ती हिशेबात धरते. आठ माणसांच्या घरात सिलिंडर पंचवीस दिवस पुरला आणि दोन माणसांच्या घरात तीस दिवस, तर काटकसरी घर कोणते, याचे उत्तर ती क्षणात देईल.

शहरातील वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडताना मात्र हा साधा विवेक पुष्कळदा बाजूस पडतो. कोणते वाहन कमी इंधन खाते, कोणते वाहन स्वच्छ, कोणती योजना किफायतशीर, यासंबंधी जाहिराती, सरकारी अहवाल आणि वर्तमानपत्रे आपल्यापुढे आकडे ठेवीत असतात. ते आकडे बहुधा खोटे नसतात. परंतु असा प्रत्येक आकडा म्हणजे एक भागाकार असतो. वर खर्च झालेली ऊर्जा असते आणि खाली, छेदाच्या जागी, काहीतरी असते. त्या खालच्या जागेवर काय ठेवावे हे पदार्थविज्ञान सांगत नाही. ते माणूस ठरवितो. आणि जेथे माणूस ठरवितो तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न उपस्थित होतोच. प्रस्तुत लेखात आम्ही त्या खालच्या जागेविषयीच विचार करणार आहोत. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांतील कोणी ना कोणी रोज सकाळी वसई, नालासोपारा किंवा विरार स्थानकाची वाट धरीत असल्याने हा प्रश्न आपल्यासाठी निव्वळ पुस्तकी राहत नाही.

गाडी मोजावी की माणूस?

हिशेब सोपा जावा म्हणून आपण विजेच्या बिलावर येणारे ‘युनिट’ हेच माप घेऊ. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळ मानाने ९ युनिट ऊर्जा साठविलेली असते. एक लिटर डिझेलमध्ये १०. शहराच्या रहदारीत लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटारगाडी घेतली तर ती किलोमीटरला ०.६ युनिट खर्च करते. लिटरमागे ४ किलोमीटर धावणारी डिझेल बस किलोमीटरला २.५ युनिट खर्च करते. छेदात ‘गाडी’ ठेवली तर बस मोटारीपेक्षा चौपट उधळी ठरते.

आता छेदात गाडीऐवजी प्रवासी ठेवून पाहू. मोटारीत एकटा मालक बसला असेल तर सारे ०.६ युनिट त्याच्या एकट्याच्या नावे जमा होतात. बसमध्ये ४० प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ०.०६ येतात. म्हणजे जी बस चौपट उधळी होती तीच दहापट काटकसरी झाली. इंजिन तेच, रस्ता तोच. बदलले ते फक्त आपण काय मोजतो तेवढेच. लिटरमागे ५० किलोमीटर जाणाऱ्या मोटारसायकलचा खर्च ०.१८ युनिट येतो, आणि मागे दुसरा माणूस बसला की तो निम्मा होतो.

आपल्या देशात मोटारगाड्यांच्या इंधनवापरासंबंधीचे सरकारी निकष २०१७-१८ पासून लागू झाले व २०२२-२३ पासून ते अधिक कडक करण्यात आले. ते आवश्यकच होते. तथापि त्या निकषांच्या छेदात गाडीचा किलोमीटर आहे. शिवाय कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जितके अधिक, तितकी तिची मर्यादाही सैल ठेवण्यात आली आहे. त्यामुळे दोन टनांच्या गाडीतून एकटा मनुष्य भाजी आणावयास गेला तरी ती गाडी कागदोपत्री ‘कार्यक्षम’ असू शकते. याउलट २००६ साली केंद्र सरकारने जे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले, त्यात वाहने नव्हे तर माणसे हलविणे हे उद्दिष्ट सांगितले होते. एकाच देशाच्या दोन कागदांत असे दोन छेद आहेत. रस्त्यावर चालते ते पहिल्याचे, हे आपण डोळ्यांनी पाहतो.

माणूस छेदात आला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. रात्री अकरा वाजता चार उतारूंना घेऊन धावणाऱ्या बसचा हिशेब केला तर माणशी ०.६ युनिटांहून किंचित अधिकच खर्च येतो. ती एकट्या मोटारवाल्याच्याच पंक्तीला बसते. निव्वळ आकड्याच्या सांगण्यावरून चालावयाचे तर ही फेरी बंद केली पाहिजे. पण ते चौघे कोण असतात? दुसऱ्या पाळीवरून परतणारी परिचारिका, हॉटेलातील भांडी आवरून निघालेला मुलगा, पहाऱ्यावर निघालेला रखवालदार. त्यांची फेरी बंद झाली तर यांपैकी ज्याला जमेल तो कर्ज काढून दुचाकी घेईल, आणि मग सकाळच्या भरलेल्या बसमधूनही तो उतारू नाहीसा होईल. रात्रीची रिकामी बस ही दिवसाच्या भरलेल्या बसची जामीन असते. एकेका फेरीचा हिशेब जे सांगतो त्याच्या नेमके उलट सबंध सेवेचा हिशेब सांगतो, हे ज्यांच्या हाती वेळापत्रके असतात त्यांनी ध्यानी घेतले पाहिजे.

आणखी एक जण या हिशेबात सहसा येतच नाही, तो म्हणजे पायी चालणारा. चालताना माणसाला किलोमीटरमागे सुमारे ५० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, म्हणजे जवळजवळ ०.०६ युनिट, भरलेल्या बसमधील उतारूच्या वाट्याइतक्याच. सायकलस्वार तर याहूनही सरस. १९७३ साली ऑक्सफर्डचे अभियंते एस. एस. विल्सन यांनी एका प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की, सायकलवरील माणूस चालणाऱ्याच्या सुमारे एक पंचमांश ऊर्जेत तेच अंतर कापतो, आणि या बाबतीत कोणताही प्राणी वा यंत्र त्याची बरोबरी करीत नाही. तरीही शहराच्या ऊर्जेच्या ताळेबंदात पादचारी व सायकलस्वार क्वचितच आढळतात, कारण ते पंपावर जात नाहीत. जो काही विकत घेत नाही त्याची नोंद होत नाही; आणि ज्याची नोंद होत नाही त्याच्यासाठी पदपथही उरत नाही.

मोजणी कोठून सुरू करावी?

दुसरा प्रश्न सीमेचा आहे. हिशेबाची रेघ कोठे ओढावयाची?

सध्या विजेवर चालणाऱ्या मोटारींचे कौतुक सर्वत्र आहे, आणि ते अगदीच अनाठायी नाही. अशी मध्यम आकाराची मोटार किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट घेते. पेट्रोलच्या मोटारीचे ०.६ युनिट शेजारी मांडले तर खर्च चौथाईवर आला असे दिसते. पण ही तुलना बरोबरीची झाली नाही. पेट्रोल गाडीत जळते, तर कोळसा दूरच्या वीजकेंद्रात जळतो, आणि कोळशाच्या उष्णतेपैकी केवळ सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. म्हणून कोळशापासून मोजू लागलो तर विजेच्या मोटारीचे ०.१५ युनिट म्हणजे जवळजवळ ०.४५ होतात. पेट्रोललाही विहिरीपासून शुद्धीकरण कारखान्यापर्यंतचा खर्च असतोच. तो धरला म्हणजे विजेची मोटार अजूनही पुढे राहते, आणि सूर्याची किंवा पाण्याची वीज वाढेल तशी ती आणखी पुढे जाईल. पण ‘चौथाई’ हा शब्द मात्र मागे घ्यावा लागतो.

येथे आकड्यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी की, रेघ जेथे ओढतो तेथे कोणीतरी रेघेबाहेर राहतो. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक असल्याचे जाहीर केले. त्याच तालुक्यात १९९५ च्या सुमारास कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे वीजकेंद्र उभे राहिले, आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. वांद्र्याच्या रस्त्यावर धूर न सोडता धावणाऱ्या मोटारीचा काही धूर चिकूच्या बागांवर आणि वारली पाड्यांवर उतरत असेल, तर ‘शून्य धूर’ हे वाक्य वांद्र्यापुरते खरे आणि डहाणूपुरते खोटे ठरते. नीतिशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर एखाद्या कृतीचे परिणाम कोठपर्यंत आपले मानावयाचे, असा हा प्रश्न आहे. दृष्टीआड गेलेला परिणाम आपला नव्हे, असे कोणत्याच नीतिशास्त्राने म्हटलेले नाही.

गर्दीचा हिशेब

आता आपण आपल्या लोकलगाडीकडे वळू. मुंबई परिसरातील वाहतुकीत ऊर्जेच्या दृष्टीने तिच्याइतके काटकसरी मोठे वाहन दुसरे नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना होणारे घर्षण डांबरी रस्त्यावरील रबरी टायरच्या मानाने फारच थोडे असते. गाडी विजेवर चालते, आणि एका खेपेत हजारो माणसे नेते. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि १९३६ साली ती विरारपर्यंत आली. वसईच्या केळी-भाजीच्या टोपल्या, फुलांचे भारे आणि दुधाच्या किटल्या याच गाडीने मुंबईला गेल्या. ऊर्जेच्या हिशेबात मालडब्यातील बाई एक ‘प्रवासी’ म्हणून येते. तिच्या डोईवरील टोपली त्या हिशेबात येत नाही, मग सबंध घर त्या टोपलीवर चालत का असेना.

२००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत एक लक्षणीय सुधारणा झाली. लोकल दर दोन-तीन किलोमीटरवर थांबते. वेग घेण्यासाठी खर्चलेली ऊर्जा पूर्वी ब्रेक लावताना उष्णता होऊन वाया जात असे. नव्या गाड्यांत ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि वीज पुन्हा वरच्या तारेत जाते; जवळपास दुसरी गाडी सुटत असेल तर ती वीज तिच्या उपयोगी पडते. एका गाडीच्या थांबण्यावर दुसरी गाडी निघते. अशा रीतीने सुमारे एक तृतीयांश वीज वाचते. अभियंत्यांच्या बुद्धीला आणि परिश्रमांना येथे मनापासून दाद द्यावीशी वाटते, कारण या बचतीची किंमत कोणत्याही प्रवाशाला आपल्या अंगावर सोसावी लागली नाही.

परंतु याच गाडीत दुसरीही एक ‘बचत’ होत आली आहे. नऊ डब्यांची गाडी सुमारे १,७०० प्रवाशांसाठी आखलेली होती. गर्दीच्या वेळी तिच्यातून ४,५०० हून अधिक माणसे प्रवास करीत. उभ्या राहण्याच्या जागेत एका चौरस मीटरला १४ ते १६ माणसे, म्हणजे एका लहानशा जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत सोळा माणसे. रेल्वेच्या परिभाषेत या गर्दीला स्वतंत्र नावही द्यावे लागले: ‘सुपर डेन्स क्रश लोड’. डबे आता बारा आणि काही गाड्यांना पंधरा झाले, तरी सकाळी आठच्या सुमारास फलाटावर उभे राहणाऱ्यास या शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही.

याचा भागाकार करून पाहा. गाडी जड झाल्याने वीज काही अधिक लागते. ती धरूनही १,७०० च्या जागी ४,५०० माणसे कोंबली की दरडोई ऊर्जा ढोबळ मानाने निम्म्यावर येते. अभियंत्यांनी वर्षानुवर्षांच्या संशोधनाने एक तृतीयांश वीज वाचविली, आणि गर्दीने कोणताही शोध न लावता त्याहून अधिक ‘वाचविली’. पहिली बचत यंत्रातून आली. दुसरी बचत माणसांच्या बरगड्यांतून आली, गरोदर स्त्रीच्या धास्तीतून, दारात एका पायावर लटकणाऱ्या तरुणाच्या मनगटातून. आकड्यांच्या कोष्टकात मात्र दोन्ही एकाच स्तंभात, एकाच शाईने लिहिल्या जातात.

या दुसऱ्या बचतीचा खर्च कोठेतरी पडतच असतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत रूळ ओलांडणारे पुष्कळ होते, आणि गाडीतून पडलेलेही शेकड्यांनी होते. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा व मुंब्रा स्थानकांच्या दरम्यान दारांत लटकलेले प्रवासी खाली कोसळले आणि त्याच दिवशी चौघांचे प्राण गेले. त्यानंतर बिगर-वातानुकूलित नव्या गाड्यांनाही आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. आता विचार करा: दरवाजे मिटले की प्रत्येक डब्यात माणसे कमी मावतील, दरवाजांना थोडी वीज लागेल, हवा खेळती ठेवण्यास आणखी थोडी लागेल. दरडोई ऊर्जेचा आकडा वाईट होईल, आणि माणसे जिवंत घरी परततील. माणसाचा जीव वाचला असता जो आकडा बिघडतो, त्या एकट्या आकड्याच्या हाती शहराचा कारभार देता येत नाही.

येथे एक जुना विवेक उपयोगी पडतो. ॲरिस्टॉटलने व त्याच्या मागोमाग संत थॉमस अक्विनस यांनी न्यायाचे दोन प्रकार सांगितले. देवघेवीच्या न्यायात अंकगणिताची बरोबरी असते: घेतले तितके परत द्यावे. वाटपाच्या न्यायात मात्र प्रमाण पाहावे लागते: समाजाचे लाभ आणि समाजाचे ओझे कोणाच्या वाट्याला किती आले, आणि का आले. सरासरी ही फक्त अंकगणित जाणते. खिडकीशी बसलेला आणि दारात लटकलेला यांना ती एकच वाटा देते. म्हणून कार्यक्षमतेचा आकडा अचूक असूनही अन्यायावर पांघरूण घालू शकतो. आकडा बनविणाऱ्याचा हेतू तसा असतोच असे नाही. भागाकाराचा स्वभावच सर्वांना सारखे करण्याचा आहे.

किलोमीटर हे पुण्य आहे काय?

छेदात माणूस आला तरी त्याच्या शेजारी आणखी एक शब्द बसलेला असतो: किलोमीटर. ऊर्जा भागिले ‘प्रवासी-किलोमीटर’, असे हे माप आहे. त्याचा अर्थ, माणूस जितका लांब जाईल तितकी सेवा अधिक झाली असे धरले जाते. पण कोणीही किलोमीटरसाठी प्रवास करीत नाही. माणूस कामासाठी, शाळेसाठी, दवाखान्यासाठी, आप्तांच्या भेटीसाठी निघतो. पोहोचणे हे साध्य आहे आणि अंतर हे त्याचे मोल आहे. मोल वाढले म्हणून लाभ वाढला असे म्हणणे म्हणजे दिवसभर चूल पेटती राहिली म्हणून घर जेवले असे म्हणण्यासारखे आहे.

गिरणगावातील कामगार चाळीतून निघून चालत गिरणीच्या दारात जात असे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या, जमिनींचे भाव चढले, आणि त्या कुटुंबांतील कित्येकांनी नालासोपारा-विरारकडे बिऱ्हाडे हलविली. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर; जाऊन-येऊन १२०. आजोबा दोन किलोमीटर चालत. नातू एकशेवीस किलोमीटर जातो. लोकलची दरडोई-दर-किलोमीटर ऊर्जा कितीही अल्प असली तरी तिला एकशेवीसने गुणावे लागते, आणि नातवाचे रोजचे तीन-चार तास त्यात धरलेलेच नसतात. कोष्टकात मात्र आजोबा आढळत नाहीत आणि नातू हा एका अत्यंत कार्यक्षम व्यवस्थेचा लाभार्थी म्हणून नोंदला जातो.

हा काळाचा हिशेब ज्याने धीटपणे मांडला तो इव्हान इलिच. १९२६ साली व्हिएन्नात जन्मलेले इलिच १९५१ साली कॅथलिक धर्मगुरू झाले, न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन स्थलांतरितांमध्ये त्यांनी सेवा केली, आणि १९६९ साली धर्मगुरूपदाची कार्ये सोडली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या छोट्या पुस्तकात त्यांनी एक विलक्षण भागाकार केला. सामान्य अमेरिकन पुरुष मोटार चालविण्यात, ती उभी करण्यात आणि तिचे हप्ते, इंधन, विमा, दंड यांसाठी लागणारा पैसा कमावण्यात वर्षाला १,६०० हून अधिक तास घालवितो, आणि तेवढ्यात ७,५०० मैल जातो. म्हणजे त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी, पायी चालणाऱ्याच्या फारसा पुढे नाही. एका मर्यादेपलीकडे गेलेला वेग काही जणांचा वेळ वाचवितो तो इतर अनेकांचा वेळ घेऊन, असे त्यांचे प्रतिपादन होते.

इलिच यांचे म्हणणे आम्हांस जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. विरारच्या कामगाराला सायकलचा उपदेश करणे म्हणजे त्याची थट्टाच होय. त्याने ते अंतर हौसेने निवडलेले नाही. परंतु इलिच यांनी छेदात माणसाचे आयुष्य आणून ठेवले, ही त्यांची देणगी मोठी आहे. शहराची खरी कार्यक्षमता पाहावयाची तर माणूस आपल्या कामापर्यंत किती ऊर्जेत, किती वेळात आणि कोणत्या स्थितीत पोहोचला, असे विचारले पाहिजे. त्या प्रश्नाचे उत्तर केवळ रेल्वे देऊ शकत नाही. घरे कोठे बांधली, ती कोणाला परवडली, कचेऱ्या आणि इस्पितळे कोठे ठेवली, या निर्णयांमध्ये ते दडलेले असते. कामाजवळ परवडणारे घर ही ऊर्जेची सर्वांत मोठी बचत असून ती कोणत्याही इंजिनात करता येत नाही.

मग मोजूच नये काय?

कोणी म्हणेल, इतक्या अडचणी असतील तर हा हिशेबच सोडून द्यावा. आम्हांस हे मान्य नाही. न मोजणे हे नेहमी बलवानाच्या पथ्यावर पडते. एकट्याने मोटार हाकणाऱ्याने दहा उतारूंच्या वाट्याची ऊर्जा खर्चिली, हे मोजल्यामुळेच कळले. आकडा टाकून देण्यापेक्षा त्याला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. आणि साक्षीदाराला जसे उलटप्रश्न विचारतात तसे त्यालाही विचारावेत: छेदात गाडी आहे की माणूस? मोजणी कोठून सुरू केली आणि रेघेबाहेर कोण राहिले? ही बचत यंत्राने केली की कोणाच्या शरीराने? आणि हे अंतर चालून जावे इतके जवळ का नव्हते?

या उत्तरांतून कर्तव्याची वाटणीही स्पष्ट होते. लोकलच्या दारात वीस वर्षे लटकून ज्याने अखेर कर्जाऊ मोटार घेतली, त्याला ऊर्जेच्या नावाने दोषी ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. जी काटकसर त्याच्यावर लादली गेली होती ती त्याचा सद्गुण नव्हती. सद्गुणाला निवड लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात शहरी वाहतुकीचा विषय घेतला तेव्हा एक-दोन माणसांना घेऊन धावणाऱ्या मोटारींमुळे होणारा ऊर्जेचा अपव्यय दाखविला, आणि त्याच परिच्छेदात गर्दी, गैरसोय व असुरक्षितता यांमुळे सार्वजनिक वाहनांत माणसांची होणारी अवहेलनाही दाखविली. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत हे महत्त्वाचे. पहिली सांगून दुसरी गाळली की उपदेश फक्त गरिबाला लागू होतो. दुसरी सांगून पहिली गाळली की श्रीमंताला मोकळीक मिळते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्याला निवड आहे त्याच्यावर पहिले कर्तव्य आहे, आणि जितकी निवड अधिक तितके कर्तव्य अधिक. ज्याला निवड नाही त्याच्या बाबतीत कर्तव्य समाजाचे आहे: गाड्या वाढवाव्यात, फेऱ्या वाढवाव्यात, त्यासाठी दरडोई वीज थोडी अधिक लागली तरी ती आनंदाने द्यावी. ती ऊर्जा उधळपट्टीची नव्हे. माणसाला माणसासारखे नेण्याची ती किंमत आहे. मोटारीच्या रिकाम्या तीन आसनांवर जी ऊर्जा रोज वाया जाते तिच्या तुलनेत ही किंमत फार थोडी आहे.

आपल्या धर्मग्रामांत यातले काय करता येईल, हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. अर्धा-पाऊण किलोमीटरवरून रविवारच्या मिस्सेला मोटारीने येणाऱ्या धडधाकट माणसांनी चालत यावयास हरकत नसावी. रस्ता सपाट आहे आणि सकाळची वेळ असते. ज्यांना मोटार आणावीच लागते त्यांनी निघण्यापूर्वी शेजारच्या म्हाताऱ्या आजीला हाक मारावी. तरुण मंडळींनी गावातील बसच्या फेऱ्या कोणत्या वेळी तुटतात याची नोंद ठेवून महापालिकेच्या परिवहन सेवेकडे लेखी मागणी करावी, आणि ती करताना रात्रीच्या त्या चार उतारूंना विसरू नये. ते चौघे कोणाच्याही कोष्टकात मोठे दिसणार नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते.